यमुनाक्कांची हिरवी खोली

यमुनाक्का कुणाच्या घरी गेल्या की आधी बसत नसत. ‘बसा ना अक्का’ म्हणत आपण खुर्ची पुसावी, तोवर बाई भिंतीतल्या फडताळापाशी पोहोचलेल्या असत. पदर खोचायचा आणि समोर जे काही मांडलेलं असेल ते हलवायला लागायचं. फुलदाणी इकडे, घड्याळ तिकडे. देव्हाऱ्याला तेवढं बोट लावत नसत, एवढी त्यांची मेहेरबानी. मग दोन पावलं मागे सरकून, मान तिरकी करून बघायचं आणि म्हणायचं, ‘‘हां. आता ठेव चहा.’’ घरची बाई नुसती तोंडाकडे बघत राहायची.

माझ्या घरीही त्या अशाच आल्या. मी लग्न होऊन नगरहून जळगावात आले ती साठच्या दशकातली मधली वर्षं. ह्यांची नोकरी पाटबंधारे खात्यात, आणि बिऱ्हाड एका जिनिंग फॅक्टरीच्या मागच्या ओळीत, दोन खोल्यांचं. हिवाळ्यात कापसाचे तंतू उडत येऊन ओल्या कपड्यांना चिकटायचे. मी मोठ्या हौसेनं लग्नातल्या भेटी काचेच्या कपाटात लावल्या होत्या. दोन ताजमहाल, काचेचे हंस, पितळी समई, निळी फुलदाणी. सगळं उंचीप्रमाणे, शाळेतल्या प्रार्थनेला मुलं उभी करतात तसं. अक्कांनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘हाई काय दुकान मांडेल शे का वं?’’

मला एक अक्षर कळलं नाही, पण टोमणा कळला. अक्का धुळ्याकडच्या, सोनगीरजवळच्या एका खेड्यातल्या. जळगावात इतकी वर्षं काढून त्या शहरी मराठी छान बोलत, पण आनंद झाला किंवा जीव कळवळला की त्यांची खानदेशी बोली वर येई. माझा चेहरा पाहून त्यांनी मला समजेल असं सांगितलं, ‘‘ओळ दुकानात लावतात, बाई. घरात घोळका पाहिजे. एक उंच, एक मधलं, एक ठेंगणं, अशी तिघं जवळ जवळ बसव. आपण बायका ओट्यावर बसतो ना गप्पा मारत, तशी.’’ एक ताजमहाल त्यांनी सरळ खाली ट्रंकेत टाकला. ‘‘दोन कशाला? मुमताज एकच होती.’’ मग घरी जाऊन हिरव्या कागदाची एक वेल घेऊन आल्या आणि ती समईमागून अशी काही सोडली, की कपाटात कुणीतरी राहायला आल्यासारखं वाटलं. मला मात्र फार राग आला होता. ओळख ना पाळख, आणि माझ्या संसाराला हात लावते ही बाई! त्या गेल्यावर सगळं पूर्ववत करायचं म्हणून कपाट उघडलं, पण काय हलवावं ते सुचेना. तसंच ठेवलं.

मग त्यांचं घर पाहिलं आणि माझा राग पार उतरला. बाहेरची खोली आमच्याएवढीच, पण आत पाऊल टाकलं की थांबायला व्हायचं. कोपऱ्यात पुरुषभर उंचीच्या तीन केळी, क्रेप कागदाच्या. त्यांच्या बुडाशी मातीचे पोपट, मण्यांचं बदक आणि लोकरीचा ससा. दारावरून वेल गेलेली, कोनाड्यात शंखशिंपल्यांची बोट, तिच्या बाजूला मेणाची सीताफळं, रामफळं. पानं कापायची, विणायच्या सुईच्या बोथट टोकानं त्यांवर शिरा ओढायच्या आणि कडा कोमट मेणात बुडवायच्या, म्हणजे पान ताठ राहतं. हे सगळं अक्का संध्याकाळच्या उजेडात दारात बसून करत. पुढे बाजारात प्लॅस्टिकच्या वेली आल्या. रथाच्या जत्रेतून नानांनी, म्हणजे अक्कांच्या यजमानांनी, पहिली वेल आणली तेव्हा अक्कांनी ती हुंगून बाजूला ठेवली. ‘‘सायकलच्या ट्यूबचा वास येतो हिला.’’ पण जळगावच्या उन्हापुढे त्यांचाही इलाज चालला नाही. कागद विटायचा, प्लॅस्टिक टिकायचं. हळूहळू तेही घरात शिरलं. दर शुक्रवारी त्या वेलींना रिठ्याच्या पाण्यानं आंघोळ घालत आणि सावलीत वाळत टाकत. त्यावरून आम्ही बायका त्यांना चिडवायचो, की नानांना नसेल एवढं कोडकौतुक वेलींना आहे. नाना जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते, अबोल माणूस. ते हसायचे आणि पेपर वर धरायचे.

मे महिन्यात आमच्या ओळीतली तुळससुद्धा काडी होऊन उभी राहायची. तेव्हा बायका भाजी निवडायला अक्कांकडे जाऊन बसायच्या. दुष्काळाच्या त्या वर्षी तर पाण्याच्या टँकरची वाट बघत सगळी ओळ त्या खोलीतच असायची. सगळं खोटं आहे हे डोळ्यांना ठाऊक होतं, तरी बरं वाटायचं.

एक दिवस मी गेले तर खोली उघडी-बोडकी. केळी नाहीत, पोपट नाहीत, वेली नाहीत. भिंतीवर नुसते खिळे. मला वाटलं चोरी झाली. शेजारच्या बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘‘उद्या मालतीला बघायला येणार आहेत.’’

तेव्हा मला उलगडा झाला. ती खोलीतली सजावट नव्हतीच. ते मालतीचं रुखवत होतं.

मालती अक्कांची एकुलती एक मुलगी. उंच, शेलाटी, डोळे अक्कांसारखेच तीक्ष्ण. चौदा-पंधराची असताना तिच्या बोटांवर पांढरे डाग उठले आणि हळूहळू दोन्ही हातांवर पसरले. वैद्य झाले, डॉक्टर झाले, कुणी सांगितलेले लेप झाले. हात मनगटापर्यंत पांढरे पडले, ते पडलेच. अंगात दुसरी काही खोट नाही, पण कोड म्हटलं की लोक पत्रिकासुद्धा परत पाठवायचे. अक्कांनी मात्र मालती शाळेत असल्यापासून रुखवत करायला घेतलं होतं ते थांबवलं नाही. इतर आया ट्रंका भरून ठेवतात. अक्का म्हणायच्या, ‘‘अंधारात कशाला? तिचं आहे, तिच्या डोळ्यांपुढे राहू दे.’’ म्हणून सगळं बाहेरच्या खोलीत. पण मुलाकडच्यांनी रुखवत बघायचं ते लग्नाच्या मांडवात, त्याआधी नाही. त्यामुळे कुणी बघायला येणार असलं की आदल्या दिवशी सगळं उतरवून, जुन्या धोतरात गुंडाळून, आतल्या खोलीत जायचं. नकार आला की दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर. आमच्या ओळीतल्या लोकांना काही विचारावं लागत नसे. अक्कांच्या दारावरून जाताना आत हिरवं दिसलं, की समजायचं.

मी तिथं असताना असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. प्रत्येक वेळी पानं परत लावताना अक्का एखादी नवी वस्तू त्यात घालायच्या. मारवाड्याच्या दुकानात कागद घ्यायला गेल्या, की तिथल्या शेठाणी आपुलकीनं विचारायच्या, ‘‘अक्का, यंदा बार उडवणार ना?’’ अक्का म्हणायच्या, ‘‘उडवणार तर! तुम्ही कागद चांगला द्या.’’ मालतीला या सगळ्यात रस नव्हता. तिनं एक पान कधी कापलं नाही. ती मॅट्रिक होऊन शिक्षिकेचा कोर्स करत होती आणि केळीच्या आडोशाला बसून अभ्यास करायची. ‘‘आई, पुस्तक ठेवायला तरी जागा ठेव,’’ एवढंच तिचं म्हणणं असायचं. आणि बघायला कुणी आलं की निमूटपणे साडी बदलून पाटावर बसायची.

दुष्काळानंतरच्या वर्षी धुळ्याचं एक स्थळ आलं. मुलगा शाळामास्तर, बिजवर. पहिली बायको बाळंतपणात गेलेली, मूलबाळ नाही. मालती तिशीला आलेली. अक्कांच्या जिवाची नुसती घालमेल. डागांचं आधी सांगावं की नंतर, यावर त्यांचं आणि नानांचं पहिल्यांदाच वाजलं. नाना म्हणाले, ‘‘आधी सांग.’’ अक्का म्हणाल्या, ‘‘आधी सांगितलं ती माणसं उंबऱ्यापर्यंतसुद्धा आली नाहीत. माझी पोर तरी बघू द्या त्यांना. आवडू द्या. मग मी पाया पडून सांगेन.’’ नानांनी पेपर वर धरला.

ती माणसं यायची होती रविवारी. मास्तरांचं जळगावात काही काम निघालं म्हणून शनिवारी सकाळच्या एसटीनंच दारात उभी राहिली, मास्तर आणि त्यांची आई. अक्कांनी मला हाक मारली ती धावतच गेले. रुखवत उतरवायला सवडच मिळाली नाही. सगळं जिथल्या तिथं, आणि वेलींची आंघोळही आदल्याच दिवशी झालेली.

मास्तरांची आई नऊवारीतली, गोरीपान, हसतमुख बाई. आत आल्या आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला. ‘‘अगं बाई! हे काय, घर आहे की बाग?’’ केळीचं पान चाचपून बघितलं. पोपट उचलला, बदक उचललं. मास्तरसुद्धा मान वर करून दारावरची वेल बघत होते. मी पोह्यांच्या बशा घेऊन उभी होते. खोलीत इतकं मोकळं, आनंदाचं वातावरण मी कधी पाहिलं नव्हतं. मालती पदराखाली हात घेऊन बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावरसुद्धा थोडं हसू होतं.

‘‘कुणी केलं हो हे सगळं?’’ मास्तरांच्या आईनं विचारलं.

रुखवत कुणी केलं याला आपल्याकडे एकच उत्तर असतं. मावश्यांनी, काकूंनी, शेजारणींनी रात्रंदिवस खपून केलेलं असलं, तरी नवरीची आई सांगते, हिनंच केलं. ऐकणारीलाही ते ठाऊक असतं. अक्का तर त्या क्षणी हरखून गेल्या होत्या. त्यांची बोली वर आली. ‘‘बठ्ठं मन्ही आंडेरनी करेल शे!’’ सगळं माझ्या लेकीनंच केलंय.

ती बाई धुळ्याचीच. तिला आपली बोली ऐकून आणखीच भरून आलं. ती उठून मालतीपाशी गेली आणि म्हणाली, ‘‘दाखव माय, दाखव तुन्हा हात. दृष्ट काढू दे माले.’’

अक्कांचा चेहरा मला अजून दिसतो. त्या अर्ध्या उठल्या आणि तशाच राहिल्या. मालतीला हात मागे घेता आला असता. लाजायचं निमित्त होतं. तिनं आईकडे एकदा पाहिलं, मग पदराखालून दोन्ही हात काढले आणि त्या बाईपुढे धरले.

त्या बाईंनी ते झिडकारले नाहीत, हे मी सांगितलंच पाहिजे. क्षणभर त्यांनी ते आपल्या हातात धरून ठेवले. मग शेजाऱ्याघरचं भांडं खाली ठेवावं तसे हळूच मालतीच्या मांडीवर ठेवले आणि जागेवर जाऊन बसल्या. पोहे खाल्ले, चहा घेतला. पावसाचं बोलल्या. निघताना ‘कळवतो’ म्हणाल्या, आणि दारातल्या वेलीला पदर लागू नये म्हणून अंग चोरून बाहेर पडल्या.

त्या दिवसानंतर अक्कांनी ती एकच गोष्ट धरली. ‘‘मी केलं म्हणाले असते तर? खरं तेच सांगायचं होतं फक्त. मी केलं, मी.’’ भाकरी थापता थापता, पाणी भरताना, मधेच थांबून म्हणायच्या. मी म्हणायची, ‘‘अक्का, आज ना उद्या त्यांना दिसणारच होतं.’’ त्या म्हणायच्या, ‘‘उद्या दिसलं असतं. तोवर ती आवडली असती.’’

त्याच वर्षी मालतीला रावेरला शाळेत नोकरी लागली. अक्कांनी आकाशपाताळ एक केलं. ‘‘लेक घरातून एकदाच निघते, वाजतगाजत. ट्रंक घेऊन एसटीत बसून नाही.’’ मालती शांतपणे म्हणाली, ‘‘आई, मग मी निघायचंच नाही का?’’ ती गेली त्या दिवशी नाना ट्रंक घेऊन स्टँडवर गेले. मी पोळी-भाजीचा डबा दिला. अक्का आतल्या खोलीतून बाहेर आल्या नाहीत. मालतीनं उंबऱ्यातून ‘येते गं’ म्हटलं, थोडं थांबली, आणि गेली.

पुढच्या लग्नसराईत ओळीतल्या एका मुलीचं लग्न ठरलं. तिच्या आईनं अक्कांना रुखवतासाठी चार पानं करून मागितली. अक्कांनी तिन्ही केळी उचलून देऊन टाकल्या. मग दुसऱ्या लग्नात पोपट आणि बदक गेलं, तिसऱ्यात बोट. मेणाची फळं, वेली, ससा. ज्या घरी मुलगी उजवायची असेल तिथं अक्का स्वतः घेऊन जायच्या, स्वतः घोळके करून मांडायच्या आणि कुणी विचारलं तर सांगायच्या, ‘‘नवरीनं केलंय.’’ ती लग्नसराई संपेपर्यंत त्यांच्या खोलीत खिळे तेवढे राहिले.

मला राहवलं नाही. एका दुपारी मी त्यांना सरळ विचारलं, ‘‘अक्का, हे मालतीचं होतं ना?’’

त्या गहू निवडत होत्या. सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, ‘‘तिचंच होतं. पण ती सुट्टीला आली की त्याच खोलीत बसणार, आणि हे सगळं तिच्याकडे बघत राहणार. तुझं झालं नाही, तुझं झालं नाही, म्हणत. मी केलंय ना सगळं, माले माहीत शे ते काय बोलतात. लेकीला घरी आल्यावर तरी मोकळं वाटू दे.’’ डोळे पुसून त्यांनी पुन्हा सूप हातात घेतलं.

मालती दिवाळीला आली. रिकामी खोली तिनं पाहिली, भिंतींवरून नजर फिरवली आणि म्हणाली, ‘‘छान. मोकळं वाटतंय.’’ ती आत गेल्यावर अक्कांनी माझा हात दाबला. ‘‘बघितलंस? पोर कशी मोकळी झाली.’’ इतक्या वर्षांत त्यांना एवढं समाधानी मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, बरं झालं, आई-लेकीच्या मधलं ते सगळं एकदाचं गेलं. पण त्यानंतर मालतीचं येणं कमी झालं. कधी परीक्षेची कामं, कधी शिबिर. अक्का म्हणायच्या, ‘‘रमली तिथं. चांगलं आहे.’’ आणि एसटीच्या वेळेला दारात येऊन उभ्या राहायच्या.

त्या गेल्या कावीळ होऊन, आठवड्याभराच्या दुखण्यात. मालतीला निरोप गेला, ती निघालीही, पण पोहोचली तेव्हा अक्कांना खाली घेतलेलं होतं. ती रडली नाही. सगळं तिनं धीरानं केलं. नानांचं बघितलं, आल्यागेल्याचं बघितलं. बायका आपसांत म्हणाल्या, नोकरी करून पोर कोरडी झाली.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. मी आणि मालती त्या बाहेरच्या खोलीत सतरंजीच्या घड्या घालत होतो. नाना बाहेर ओट्यावर बसले होते. मालती एकदम म्हणाली, ‘‘वहिनी, तुम्हाला एक विचारू? आईनं माझी आशा नेमकी कधी सोडली?’’

मी म्हटलं, ‘‘असं का म्हणतेस?’’

‘‘लग्नाची आशा मी ओळीतल्या पोरींबरोबर शाळेत जायचे तेव्हाच सोडली होती. हात बघून मलाच कळत होतं. पण कुणी बघायला येणार म्हटलं की मी आईसाठी बसायची. नकार आला तरी दुसऱ्या दिवशी ती स्टुलावर चढून पानं लावायची ना, ते बघून मला बरं वाटायचं. वाटायचं, हिला अजून मी कुणाला तरी आवडेन असं वाटतंय. त्या दिवाळीला आले आणि सगळं देऊन टाकलेलं दिसलं. म्हटलं, चला, आता आईलासुद्धा वाटत नाही. मग माझा पायच निघेना इकडे यायला.’’

मी हातातली सतरंजी खाली ठेवली आणि अक्का त्या दुपारी गहू निवडताना जे बोलल्या ते तिला सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला. दिवाळीला माझा हात दाबून काय म्हणाल्या, तेही सांगितलं.

मालती ऐकत होती. तिचा चेहरा कसा होत गेला ते मला लिहिता येणार नाही. ‘‘मग मला का नाही सांगितलं तिनं?’’ ती म्हणाली. ‘‘इतकं साधं होतं. मला का नाही सांगितलं?’’

तिनंही आईला कुठं सांगितलं होतं? पण ते मी बोलले नाही, आणि तिला ते माझ्याआधी कळलं असावं. एवढ्यात बाहेरून नानांनी विचारलं, ‘‘मालू, जेवायचं काय आहे गं?’’ ‘‘वाढते, नाना,’’ ती म्हणाली आणि उठली. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली, आणि तिथंच चौकटीला धरून खाली बसून मोठ्यानं रडू लागली.